जवळ, शेजारी आणि भरिताची पंगत

हौदातून केळीची फणी उचलताना नूतननं हात झटकला आणि सगळं पाणी धुळ्याहून आलेल्या नव्या साहेबाच्या शर्टावर! माफी मागेल तर ती नूतन कसली?

"हौदाला चिकटून उभं कोण राहतं हो?" उलट त्यालाच झापलं.

हा साहेब म्हणजे तेजस. केळी परदेशात पाठवणाऱ्या कंपनीचा. फैजपूरच्या तोतारामभाऊंच्या शेडवर महिनाभर पेट्या तपासायला आलेला. नूतन भाऊंचीच लेक. राग सदा नाकाच्या शेंड्यावर.

पेटीवरच्या इंग्रजी सूचनेतलं 'नियर', 'क्लोज', 'नेक्स्ट टू' पेट्या भरणाऱ्या पोरींच्या डोक्यात शिरेना. फण्या कधी ऐसपैस ठेवत, कधी एकमेकींवर कोंबत. शेवटी तेजस समजवायला बसला.

"नियर म्हणजे जवळपास. सावदा फैजपूरच्या नियर. क्लोज म्हणजे त्याहून जवळ, पण मध्ये फोमचा कागद मावेल इतकं. टच झालं की साल घासतं, काळं पडतं."

"आणि नेक्स्ट टू?" एका पोरीनं विचारलं.

"शेजारी. मध्ये दुसरं कुणी नाही."

"म्हणजे शेजारी बसलेलं माणूस जवळचं असेलच, असं नाही?" नूतननं मान वर न करता विचारलं.

तेजसनं हातातली फणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "नाही... ते ज्याचं त्यानं सांगावं लागतं."

त्या दिवसापासून नूतनचे हात पेट्या भरत, मन मात्र भलतीकडेच.

शेवटच्या दिवशी भाऊंनी मळ्यात भरीत केलं. उद्या तेजस धुळ्याला जाणार, आणि रविवारी जामनेरचे पाहुणे नूतनला बघायला येणार. सांगायचं तर आजच. पण सांगणार कशी? घरच्या बायका पुरुषांची पंगत उठल्यावर बसायच्या, हीच तिथली रीत.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, केळीची पानं मांडली. तेजसच्या शेजारचं एक पान रिकामं राहिलं. नूतननं पुऱ्यांची परात खाली ठेवली — आणि सरळ जाऊन त्या पानावर बसली.

सगळ्या माना तिकडे वळल्या. भाऊंचा घास हातातच.

"नूतन... सगळे बघतायत," तेजस पुटपुटला.

"बघू देत. तुम्ही सरकू नका म्हणजे झालं."

तो सरकला नाही. कान तेवढे लाल झाले.

भरिताचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या कुंदाबाईंनी लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. भाऊ काही बोलायच्या आत त्या वाकल्या आणि तेजसच्या पानात चांगलं पळीभर भरीत वाढलं.

"पोटभर जेवा," त्या म्हणाल्या. "आन् मंग सांगा, धुळ्याला घरी कोन कोन हाये तुमच्या?"