दिवा लागेपर्यंत

पहिल्याच दिवशी त्याने मला मुकी ठरवलं... आणि लगेच माझ्या वतीने भांडलासुद्धा.

विद्यापीठातली परदेशी भाषांच्या प्रवेशाची खिडकी होती. त्र्याहत्तर साल, आषाढातला सोमवार. माझा अर्ज पावसाने भिजून गेलेला, शाई पसरलेली.

"कोणती भाषा?" खिडकीतल्या बाबूंनी विचारलं.

मी फळ्यावरच्या तिसऱ्या नावाकडे बोट दाखवलं.

"अवो बाई, तोंडानं सांगा ना! जर्मन, फ्रेंच का रशियन?"

मी तीन बोटं वर केली. मागून एक आवाज आला, "बाबूजी, तिसरी म्हणून राहिल्या त्या. रशियन."

"मुकी हाये काय? मग भाषा शिकून काय करते?"

"काहून? भाषा काय बडबड्यांच्याच बापाची जहागीर हाये?"

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या कॉलरवर सिमेंटची पांढरी धूळ. पावसाने तिचे ओघळ झाले होते. त्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, मी रडतेय.

दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडवर तो दिसला. मी जवळ जाऊन म्हटलं, "काल माझ्यासाठी भांडलात. आभारी आहे."

त्याच्या हातातली सायकल शेजारच्या चार सायकलींना घेऊन आडवी झाली.

"तुम्ही... बोलता?"

"सोमवार सोडून."

मग सांगावं लागलं. चातुर्मासात दर सोमवारी माझं मौन असतं. सकाळी स्नान झाल्यापासून देवाजवळ दिवा लागेपर्यंत. पंधराव्या वर्षी आत्याने हे व्रत दिलं, आणि मला ते मनापासून आवडलं. दिवसभर शब्द आत साठत राहतात आणि संध्याकाळी पहिला शब्द शंकराच्या नावाचा निघतो... त्याची गोडी ज्याने घेतली त्यालाच कळते.

"एक व्रत?" सायकली उचलता उचलता तो म्हणाला. "आमच्या बावीस प्रतिज्ञा हायेत. मी पाच वर्षांचा होतो. बाबाच्या खांद्यावर बसून घेतल्या होत्या, लाखो लोकांसोबत."

मला कळलं. नागपुरात हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

"नाव?" मी विचारलं.

"रविंद्र. बाबाचं नाव बळीराम. घर इंदोऱ्यात, नोकरी कोराडीत. नवीन वीज केंद्र बांधून राहिले ना, तिथं स्टोअरमध्ये. म्हणून ही धूळ." त्याने कॉलर झटकली. "आता तुम्हाले परत जायचं असन तर जा."

"वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत," मी म्हटलं. "चला. तुमच्यामुळे उशीर होईल."

आमचे मार्तंड सर मॉस्कोत शिकून आलेले. सोमवारी संभाषणाचा तास ठेवायची बुद्धी त्यांना कशी झाली, देव जाणे. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. माझ्यासोबत बसायला कोणी तयार होईना. न बोलणाऱ्या मुलीशी संभाषण कोण करणार?

"मी बसतो सर," रविंद्र म्हणाला. "दोघांचंही मीच बोलतो."

आणि बोलला! मोडक्यातोडक्या रशियनमध्ये त्याने वर्गाला सांगितलं, की ही उत्तरा, हिच्याकडे तीन शेळ्या आहेत, हिला पोहता येतं आणि हिला थंडीत बर्फ खायला आवडतं. मी डोळे वटारले. "पाहा सर, ती म्हणते, चार शेळ्या." वर्ग हसून लोळला. मी वहीवर लिहिलं — उद्या बघते!

दर मंगळवारी मी सोमवारचा हिशोब चुकता करायची. बसस्टॉपपर्यंत आमचं भांडण चालायचं. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"संस्कृत घेऊन बी. ए. झालेली पोरगी रशियन काहून शिकते?" त्याने एकदा विचारलं.

"दोन्ही बहिणी बहिणी आहेत. आपला अग्नी, तिकडे आगोन. आपले त्रि, तिकडेही त्री. घर ओळखीचं वाटतं."

तो सायकल ढकलत पाच-सहा पावलं पुढे गेला. मग म्हणाला, "तुले घर ओळखीचं वाटते. माझ्या आजोबाले संस्कृतच्या घराची पायरीसुद्धा दाखवली नाही कोणी. म्हणून मी जिथं कोणाचीच वहिवाट नाही तिथं आलो. रशियनमध्ये तू पण पहिलीत, मी पण पहिलीत. तुझ्या बाबाचा, त्या नानाचाही काही जोर चालत नाही तिथं."

  त्या रात्री पोथी वाचताना मी थांबले. हे शब्द माझ्यापर्यंत किती सहज आले होते... आणि कोणाकोणाची दारं बंद करून आले होते.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. त्या सोमवारी सरांनी फळ्यावर एक रशियन म्हण लिहिली. मल्चानिये ज्नाक सग्लासिया. मौन ही संमतीची खूण.

"गंमत बघा," सर म्हणाले, "फ्रेंचांकडे हीच म्हण, इंग्रजांकडे हीच, आपल्या संस्कृतातही हीच. जगाची संस्कृती इथे एक होते!"

मी वही ओढली, मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि रविंद्रकडे सरकवलं. त्याने उभं राहून वाचलं —

"सर, उत्तराचं म्हणणं असं, की म्हणजे सगळ्या जगाने मिळून एकच चूक केली."

सर हसले. रविंद्र हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर कोणी नव्हतं. एक संत्रीवाला टोपली उतरवून बसला होता. हिरवी, आंबट, हंगामातली पहिली संत्री. रविंद्रने एक घेतलं, सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाला, "आज सोमवार हाये म्हणून विचारून राहिलो. उद्या हिंमत होणार नाही."

मी संत्र्याच्या फोडीकडे पाहत राहिले.

"माझ्यासोबत राहशील? जन्मभर?"

वाऱ्याने पदर उडाला. मी तो धरलाच नाही.

"आईले — तुळसाबाईले — सांगितलं मी. ती म्हणे, त्या पोरीचे देव? मी म्हटलं, तिचे देव तिच्यापाशी. उत्तरा, खोटं सांगत नाही. मी तुझ्या देवापुढं हात जोडणार नाही. माझी प्रतिज्ञा हाये. पण तुझ्या दिव्यावर कोणी फुंकर घातली, तर त्याच्याशी पहिलं भांडण माझं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओठ उघडत होते, मिटत होते...

"थांब," तो घाईने म्हणाला. "व्रत मोडू नको. आणि आयक — तू गप्प बसली म्हणून मी हो समजणार नाही. नाही पण समजणार नाही. मले तुझ्या तोंडून पाहिजे. उद्या सांग, महिन्याने सांग."

बस आली. सगळ्या जगाने केलेली चूक या एका माणसाने केली नाही, एवढं एकच मनात घेऊन मी घरी पोचले.

दिवा लावला, शंकराचं नाव घेतलं, आणि मागून नानांचा आवाज आला. "उत्तरा, पुढच्या सोमवारी धंतोलीची मंडळी येताहेत. मुलगा डॉक्टर. मधुसूदन. तुझा होकार त्यांना कळवलाय."

"माझा होकार? मी कधी हो म्हटलं?"

"मागच्या सोमवारी फोटो दाखवला तेव्हा नाही तरी कुठे म्हणालीस?"

"नाना, माझं मौन होतं!"

"तेच म्हणतोय मी. गप्प होतीस."

यमुआत्या वाती वळत होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती मान वर न करता म्हणाली, "तो कोराडीवाला मुलगा तुला बसपर्यंत पोचवतो, ते आपल्या अख्ख्या महाल वस्तीला ठाऊक झालंय. उद्यापासून तो रशियन वर्ग बंद. आणि कार्यक्रम मुद्दाम सोमवारी ठेवलाय हो मी. तेव्हा कशी तोंड उघडशील? महादेवाचं व्रत मोडशील?"

माझ्याच व्रताचं कुलूप माझ्याच तोंडाला! रडू आलं नाही. राग आला, आणि रागासोबत एक विलक्षण शांतता. आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ बेल वाहत राहिले. देवाकडे सुटका मागितली नाही. एवढंच म्हटलं — मला अक्कल दे.

सोमवारी दुपारी तीनला मंडळी आली. डॉक्टर, त्यांच्या आई, एक मामा. मला आत्याची जांभळी पैठणी नेसवली होती. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि भिंतीशी उभी राहिले.

"मुलगी शांत आहे," डॉक्टरांच्या आई समाधानाने म्हणाल्या. "ते परदेशी भाषेचं खूळ मात्र लग्नानंतर चालायचं नाही."

"छे छे, ते सुटलंच," नाना म्हणाले. "काय गं उत्तरा?"

मी गप्प.

"बघा. हो म्हणतेय."

मी वळले आणि देवघरात गेले. समईत तेल ओतलं — काठोकाठ. वात नीट केली. काडी ओढली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि माझ्या देवाजवळ दिवा लागला.

"अगं, हे काय? दिवसाढवळ्या दिवा?" आत्या दारात उभी होती.

मी नमस्कार केला, शंकराचं नाव घेतलं आणि तिच्याकडे वळले. "आत्या, नियम तूच दिलास ना? दिवा लागेपर्यंत. सूर्य मावळेपर्यंत असं तू कधीच म्हणाली नव्हतीस."

 तिच्या शेजारून मी बैठकीत आले. माझा आवाज मुळातच हळू. त्या दिवशीही हळूच होता. म्हणून सगळ्यांना नीट ऐकू आला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मी होकार दिलेला नाही. मी गप्प होते. गप्प असणं म्हणजे हो नाही."

डॉक्टर उभे राहिले. भला माणूस. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले.

नाना उठून पुढे आले. "त्या मुलासाठी? इतक्या पिढ्यांचं घर..."

"त्याच्यासाठी नंतर, नाना. आधी माझ्यासाठी."

"हा उंबरठा ओलांडलास तर..."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतला. मी जमिनीलाच नमस्कार केला. "तेल भरपूर घातलंय. दिवा विझू देऊ नका," म्हटलं, आणि चपला घातल्या.

मागून पावलं आली. आत्या! मला वाटलं, हात धरून ओढणार. तिने माझी बी. ए.च्या दिवसांतली जुनी सायकल भिंतीपासून सोडवली आणि हँडल माझ्या हातात दिलं. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. आयुष्यात पहिल्यांदा आत्या काही बोलली नाही. ते हो होतं की नाही, मी ठरवलं नाही. कधीतरी तीच सांगेल.

जांभळी पैठणी खोचून महालातून विद्यापीठापर्यंत सायकल हाणत गेले. अख्खं नागपूर वळून वळून बघत होतं. बघू दे!

वर्ग सुरू झाला होता. रविंद्र आमच्या बाकावर एकटाच, शेजारी माझी जागा रिकामी. आठवडाभर वाट पाहून चेहरा उतरलेला. मी जाऊन बसले. त्याने पैठणीकडे पाहिलं... आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. माझं लग्न ठरलं, असं त्याने धरलं. खरं काय झालं होतं, ते मात्र त्याला कळलं नव्हतं.

"हां, रविंद्र," सर म्हणाले. "आज सोमवार. उत्तरातर्फे बोला."

तो जड अंगाने उठला. मी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिले.

"या सग्लास्ना," मी म्हटलं. मला मान्य आहे.

 सरांचा खडू हवेतच. रविंद्रने खिडकीकडे पाहिलं. झाडांच्या शेंड्यांवर अजून पिवळं ऊन होतं.

"उत्तरा... दिवस हाये अजून वं! तुझं व्रत?"

"मोडलं नाही," मी म्हटलं, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी दिवा लावून आलेय."