आधी मशीन बंद करा

कॉफीच्या मशीनपुढे तिच्या आधी एकच माणूस होता, आणि तो जागचा हलायला तयार नव्हता. त्याचा कप कधीच भरला होता. पण दुसऱ्या हातात एक छापलेलं पान धरून तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता आणि मान हलवत होता.

"हे ज्याने लिहिलंय ना," तो स्वतःशीच पुटपुटला, "त्याला एकदा भेटायला हवं."

तिने मान तिरकी करून पाहिलं. 'सेटिंग बदलण्यापूर्वी मशीन बंद करा.' ठळक अक्षरं, आणि खाली तिनेच निवडलेली निळी रेघ.

"त्याला नाही, तिला," ती म्हणाली. "आणि भेटलात. आता जरा सरकता का? मला कॉफी हवीये."

तो सरकला. अर्धी कॉफी पानावर सांडली आणि त्याचे कान लाल झाले.

त्यांची कंपनी व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर करत असे — म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर चालवायची सोय. तो तिसऱ्या मजल्यावरचा प्रोग्रामर. ती पहिल्या मजल्यावर बसून ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची माहिती लिहायची. त्या दिवशीच एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचं पत्र दोघांकडेही आलं होतं. 'तुमच्या पानावर लिहिलंय म्हणून प्रत्येक लहानसहान बदलासाठी मी मशीन बंद करते, आणि तेवढा वेळ वाचक हातावर हात ठेवून बसतात. दुसरा काही उपाय नाही का?'

"उपाय आहे," तो म्हणाला. "चालू मशीनवर सेटिंग बदलता येतात. आठ महिने झाले."

"मला कुणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्ही बोलला नाहीत."

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण पुढे सरकेना.

ऑफिसात त्याला सगळे 'कुलूप' म्हणत, कारण मीटिंगमध्ये त्याचं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिला म्हणत 'स्वल्पविराम'; वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रातही ती पेन काढून दुरुस्ती करायची. दोघांना आपापलं नाव माहीत होतं, आणि आता एकमेकांचंही कळलं.

पुढच्या शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडणार होती. तोवर ते पान नव्याने लिहायचं होतं. त्याने एक यादी पाठवली असती तरी भागलं असतं. पण स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, हा तिचा हट्ट. ती वही घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"प्रोसेसर वाढवला तर?"

"लगेच लागू."

"नेटवर्क बदललं तर?"

"लगेच."

"मशीनचं नाव?"

"बंद करून चालू केल्यावर."

"तुम्ही कधी पूर्ण वाक्य बोलता का हो?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "क्वचित."

ती हसली. तो स्क्रीनकडे बघत राहिला, पण चुकीचं बटण दाबलं गेलं, आणि बिचारं एक मशीन विनाकारण बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा खुर्ची आधीच मांडलेली होती. टेबलावरचा वायरींचा गुंता नाहीसा झाला होता. तिच्या वहीपुरती जागा — बरोबर तेवढीच — रिकामी होती. तिने वही तिथे ठेवली. लिहिताना तिचं कोपर त्याच्या कोपराला लागलं, आणि दोघांपैकी कुणीच ते बाजूला घेतलं नाही... निदान पाच मिनिटं तरी.

घरी जेवताना ती सांगत होती. तो असं म्हणाला, तो तसा बसतो, त्याला विचारलं तर तो आधी छताकडे बघतो. बाबा निवृत्त भाषाशिक्षक. त्यांनी शांतपणे पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आज तुझ्या सगळ्या वाक्यांत कर्ता एकच आहे," ते म्हणाले.

"बाबा, कामाचं बोलतेय मी."

"मी कुठे काय म्हणालो? मी व्याकरण सांगितलं."

गुरुवारी सकाळी तिने यादीतली शेवटची गोष्ट करून पाहिली. चालू मशीनची मेमरी वाढवली की लगेच वाढते, हे तिने आधीच पाहिलं होतं. आता तिने ती कमी केली. स्क्रीनवर नवा आकडा आला. पण मशीनच्या आत शिरून पाहिलं, तर मेमरी जुनी होती तेवढीच. तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. स्क्रीन धडधडीत खोटं सांगत होती.

आणि अर्ध्या तासात मीटिंग होती. सगळं तयार आहे, असा शेरा त्याने कालच दिला होता.

तिने त्याला जिन्यात गाठलं आणि वही पुढे केली. वाचताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी मीटिंगमध्ये काही बोलणार नाही," ती म्हणाली. "तुमचं काम आहे. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा."

पण आत जाऊन बसल्यावर ती वहीची पानं उगाच उलटत राहिली. तो गप्प राहिला तर? चुकीची आवृत्ती जाईल, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे तो तिच्या मनातून उतरेल, आणि ते तिला अजिबात नको होतं.

मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, विचारलं, "मग, उद्या बाहेर काढायची ना?"

तो उभा राहिला. छताकडे पाहिलं.

"उद्या काढायची नाही. मेमरी कमी केली की आपली स्क्रीन चुकीचा आकडा दाखवते, आणि ती चूक माझी आहे. यांनी प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहिली, म्हणून ती सापडली."

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, कॅलेंडर पाहिलं आणि एक आठवडा वाढवून दिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तीन पूर्ण वाक्यं बोललात."

"मोजलीत?"

"मोजली." आणि मग, जरा हळू, "आवडलीसुद्धा."

त्या आठवड्यात त्याने चूक दुरुस्त केली. तिने पान पूर्ण केलं: कोणते बदल चालू मशीनवर लगेच लागू होतात, कोणते पुन्हा सुरू केल्यावर, आणि मेमरीबद्दल एक वेगळी सूचना. बुधवारी दुपारी तिने ते त्याच्याकडे तपासायला पाठवलं. तासाभरात त्याचे शेरे आले. तेरा शेरे कामाचे होते. चौदावा असा होता:

'या पानात आता काहीच उणं नाही. म्हणजे उद्यापासून तुम्हाला माझ्याकडे येण्याचं कारण उरणार नाही. मला ते चालणार नाही. तुम्ही शेजारी नसलात की माझं लक्ष लागत नाही, आणि असलात की अजिबातच लागत नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. मग तिच्या लक्षात आलं की त्या पानावरचा प्रत्येक शेरा विभागातल्या अकराही जणांना जातो. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. मागून कुणीतरी गाणं गुणगुणायला लागलं. तेवढ्यात मॅडमचं उत्तर येऊन थडकलं: 'हा मुद्दा पानाच्या विषयाशी संबंधित नाही. तरी सहमत.'

ती उठली. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली, आणि तिसऱ्या मजल्याच्या दाराशी थांबून श्वास सारखा केला.

तो डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. "सगळ्यांना गेलं..." तो म्हणाला. "मला वाटलं फक्त तुम्हाला..."

"त्या शेऱ्यात एक चूक आहे."

त्याने वर पाहिलं. "कुठली?"

ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "इथे 'तुम्हाला' लिहिलंयस. तिथे 'तुला' हवं."

त्याने कीबोर्डकडे हात नेला, पण तो तिथवर पोचलाच नाही. वाटेतच तिने तो आपल्या हातात घेतला.