पाळीचा रस्ता

लडाखच्या करशुन खोऱ्यात हिवाळा लागला की गावकरी पाळीपाळीने रस्त्यावरून गाडी फिरवत. गाडीत माल नसे, नुसते धोंडे. नव्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. त्या वेडेपणाच्या मुळाशी होती शरयू हुपरीकरची एक चूक.

शरयू रस्त्यांची शास्त्रज्ञ. साधं डांबर कडाक्याच्या थंडीत आकसतं आणि तडकतं; भेगेतलं पाणी गोठलं की रस्ता उचकटतो. बरं, मऊ डांबर निवडावं, तर उन्हाळ्यात ट्रकच्या चाकांखाली ते दबून चर पडतात. म्हणून तिने ‘जागतं डांबर’ बनवलं. चाकाचा दाब पडला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या सैल होत, तुटलेली टोकं पुन्हा जुळत आणि केसाएवढी भेग वाढायच्या आत बुजून जाई.

रस्ता झाला. नवा रस्ता जपायचा ही रस्तेवाल्यांची जुनी खोड! शरयूने दोन्ही टोकांना ड्रम आडवे लावून हिवाळाभर वाहतूक बंद ठेवली. बर्फ वितळल्यावर पाहते तर रस्त्याच्या चिंध्या झालेल्या. फक्त दवाखान्यासमोरचा तुकडा धडधाकट होता. तिथे डॉक्टर ढेरे इंजिन गोठू नये म्हणून रुग्णवाहिका रोज मागेपुढे करत.

“अहो बाई,” डॉक्टर म्हणाले, “प्लास्टरमधला हात पाहिलाय कधी? हलवला नाही की सांधा आखडतो. तुम्ही अख्खा रस्ताच प्लास्टरमध्ये घातलात!”

शरयूने कपाळावर हात मारला. “प्रयोगशाळेत यंत्राचं चाक आम्ही सतत फिरवत होतो, डॉक्टर. ते चाकच औषध होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“ते ठीक. पण इथे हिवाळ्यात चाकं फिरवणार कोण? तरणी माणसं लेहला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि मी. आणि रस्ता बंद म्हणजे अडलेली बाळंतीण माझ्या डोळ्यांदेखत जाते. गेल्या वर्षी गेली.”

रस्ता पुन्हा तसाच करायची हिंमत तिला झाली ती गावामुळे. शेताच्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात तशा गावाने रस्त्याच्या पाळ्या ठरवल्या: एकेका घराने आपल्या दिवशी धोंड्यांनी जड केलेली गाडी रस्त्यावरून फिरवायची. पुढचे सगळे हिवाळे रस्ता उघडा राहिला. रस्त्यापायी त्यानंतर एकही बाळंतीण दगावली नाही.

काही वर्षांनी, भर हिवाळ्यात, शरयू मोठ्या आनंदाने खोऱ्यात परतली. तिच्या पिशवीत नव्या डांबराचा नमुना होता. दिवसाचं ऊन आणि रात्रीची थंडी यांच्या फरकावरच ते जागं राही. चाकांची गरजच नाही! येत्या उन्हाळ्यात कोणतं डांबर घालायचं, हे तिनेच ठरवायचं होतं.

वळणावर धोंड्यांची गाडी भेटली. गाडी चालवत होती यांगडोल, गावातली म्हातारी विधवा. शेजारी तिचा मुलगा बसला होता, लेहच्या हॉटेलात काम करणारा.

“जुले, आमाले!” शरयूने तिथल्या रीतीने आईला घालावा तसा नमस्कार घातला. “एवढ्या थंडीत कशाला निघालात?”

“आज आमच्या घरची पाळी. मुलगा रात्रीच आलाय.” म्हातारीचा चेहरा फुलला होता. “रस्ता बंद असायचा तेव्हा हा यायचा नाही. आता पाळी चुकली तर रस्ता बंद पडेल म्हणून येतो. सगळ्यांचीच मुलं येतात, मॅडम. थंडीत गाव भरलेलं असतं.”

शरयूला राहवलं नाही. तिने नमुना काढून म्हातारीच्या हातावर ठेवला आणि पाळ्या कायमच्या संपतील, हे समजावून सांगितलं.

यांगडोलने तो काळा गोळा उलटसुलट करून पाहिला. मुलगा खाली उतरून धोंडे नीट रचत होता. त्याच्याकडे पाहत तिने हळूच विचारलं, “मग हा येईल?”

यांगडोलने नमुना तिच्या हातात परत दिला, मुलाला हाक मारली आणि गाडी सुरू केली.