गारव्याचा रविवार

सकाळचे साडेसहा वाजले होते आणि चंद्रपुरातल्या लोणारेंच्या आइस्क्रीमच्या दुकानासमोर रांग लागली होती. नऊला उन्हाचा भोंगा झाला की रस्ता रिकामा करावा लागायचा, म्हणून या गावात आइस्क्रीम खायची वेळ म्हणजे दात घासून झाल्याबरोबर. पारा काल बावन्नाला टेकला होता.

फळ्यावरची नावं वाचून जुन्या माणसाची मतीच गुंग झाली असती: लवंगी मिरची, लसणाचा ठेचा, कवठ-गूळ, मोहफूल, अंबाडी, वाळा. व्हॅनिला कुणी विचारत नसे. विचारणार कोण? रांगेतली निम्म्याहून जास्त पोरं 'कवचवाली' होती.

कवचवाली म्हणजे उष्मकवचाचं इंजेक्शन घेतलेली. ते इंजेक्शन पेशींना एक नवं प्रथिन बनवायला शिकवायचं, आणि मग अंगात चव्वेचाळीस अंश चढले तरी पेशी टिकून राहायच्या. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाची काय तक्रार होती? पण कातडीखालच्या मज्जातंतूंना हे कोण समजावणार! त्यांच्या टोकांवर इवलीइवली दारं असतात. उष्णता लागली की दार उघडतं आणि 'भाजलं, भाजलं' अशी बोंब मेंदूकडे जाते. कवच मिळालेली पहिली मुलं जगली खरी, पण अंगाची आग होऊन तळमळत राहिली. म्हणून शास्त्रज्ञांनी ती दारंच कायमची बंद केली. गारवा ओळखणारी दारं लगतच होती, तीही त्यासोबत मिटली. आणि तिखट ही तर चवच नव्हे, मिरची उष्णतेचंच दार वाजवते. त्यामुळे आइस्क्रीममधला गारवा संपला, मिरचीतला जाळ संपला, उरला तो नुसता वास आणि आंबट-गोड.

प्रणिता उरकुडे आपली दोन पोरं घेऊन आत टेकली. बारा वर्षांचा निनाद लवंगी मिरचीचं आइस्क्रीम दूधभातासारखं खात होता. त्याला कवच घेऊन पाच वर्षं उलटून गेली होती. धाकट्या जाईला सात पूर्ण व्हायला दहा दिवस उरले होते.

इंजेक्शनच्या आधीच्या रविवारी मुलाला इथं आणायचं आणि मागेल ते खाऊ घालायचं, असा गावात रिवाजच पडून गेला होता. लोक त्याला गारव्याचा रविवार म्हणायचे. आज तो जाईचा होता. निदान असायला हवा होता, कारण प्रणितानं संमतीपत्रावर अजून सही केली नव्हती. सात वर्षं उलटली की मज्जातंतू इंजेक्शन जुमानत नाहीत, आणि दवाखान्याची यादी आज बंद होणार होती.

गेल्या वैशाखात जाईच्या बाकावरची मुग्धा शाळेतून घरी येताना उन्हानं रस्त्यातच गेली. एवढंसं अंतर! तिला कवच नव्हतं. ते आठवलं की प्रणिता सही करायला निघायची. पण निनादच्या तळहातावरचे चट्टे दिसले की सहीला हात उचलत नसे. तापल्या तव्यावर हात टेकून हा गडी गप्पा मारत उभा राहिला होता.

"आई गं, दातांत कळ गेली!" वाळ्याचा पहिला चमचा तोंडात घालून जाई किंचाळली आणि खुदकन हसली.

कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टर निखाडे बसल्या होत्या. तरुणपणी त्या कवच तयार करणाऱ्या चमूत होत्या, आणि दर रविवारी आपण कवच दिलेली मुलं बघायला इथं यायच्या. त्या संमतीपत्र घेऊन जवळ आल्या.

"ठरलं का, ताई?"

"मॅडम, खरं सांगा. सगळंच जातं का हो?"

"स्पर्श राहतो. ओलं कळतं, मऊ कळतं, मार लागला तर दुखतं. फक्त गरम आणि गार जातं."

"पण पूर्ण नाही जात. आमच्या निनादला कळतं थोडं." प्रणिता घाईघाईनं बोलू लागली, कारण तिचा सगळा आधार आता यावरच होता. "ताप आला की मी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवते ना, तर अस्सा दचकतो, डोळे मिटतो अन् म्हणतो, आई, किती गार वाटलं. दरवेळी! जाईचंही तेवढं राहिलं, तर मी आत्ता सही करते."

मॅडम समोरच्या खुर्चीवर बसल्या. "ताई, ते शक्य नाही."

"काऊन शक्य नाही? मी डोळ्यांनी पाहते बाप्पा!"

"पट्टी ओली आहे हे त्याला कळतं. तुम्ही जवळ आहात हे कळतं. गार नाही कळत. तिथं दारच उघडत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्याकडची सगळीच मुलं हे करतात. आम्ही कुणाला शिकवलं नाही. आपसूक करायला लागतात."

प्रणितानं वळून पाहिलं. निनादचं खाणं थांबलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

"निनाद?"

"तू उशाशी बसून राहायचीस," तो खाली मान घालून म्हणाला. "गार वाटलं म्हटलं की तुला बरं वाटायचं. मग तू जेवायला उठायचीस."

इतकी वर्षं आपण पोराला शांतवतोय असं प्रणिता समजत होती, आणि ते लेकरू तिलाच शांतवत होतं. तिनं त्याला पोटाशी ओढलं. त्यानं तिच्या कुशीत डोकं खुपसलं, आणि हेही आपल्याला बरं वाटावं म्हणूनच का, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिला स्वतःची शरम वाटली. पण तो विचार काही हटला नाही.

बाहेरचं ऊन दाराच्या उंबऱ्याशी आलं होतं. मुग्धाच्या आईनं काय केलं असतं, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

"द्या तो कागद," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

जाई सगळं ऐकत होती. ती सरकत सरकत भावाजवळ गेली. "दादा, मग आईनं पट्टी ठेवली की काय करायचं असतं?"

निनादनं एकदा आईकडे पाहिलं. प्रणिता पेनाचं टोपण लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"आत्ता तुला गार लागतंय ना," तो हळूच म्हणाला, "तर तोंड कसं होतं ते नीट बघून ठेव. मला कुणी सांगितलं नव्हतं."

जाईनं चमचा भरून तोंडात घातला आणि समोरच्या फ्रीजरच्या काचेत आपला चेहरा पाहिला. भुवया वर गेल्या, खांदे आखडले, डोळे मिटले.

"हां. आता न खाता कर."

जाईनं केलं. प्रणिता बघत होती, आणि तिला काही फरक दिसला नाही.