टाकीवरची ऊब

शिक्रापुरात चाकण रस्त्याला माझं मोटारसायकली रंगवायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, आत कॉम्प्रेसर, आणि शेजारी बबनरावांचं पंक्चरचं दुकान. कंपन्यांमधली पोरं जुन्या गाड्या घ्यायची आणि त्या नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून माझ्याकडे आणायची. २००५च्या डिसेंबरात सोनम नावाची पोरगी जी गाडी घेऊन आली, ती जुनी असली तरी जिवापाड जपलेली होती. काळी टाकी, तिच्यावर दोन्ही बाजूंना कंपनीतूनच आलेल्या लाल-रुपेरी पट्ट्या.

सोनम गाडी ढकलत आणत होती. मागून तिची आई, रतनबाई, येत होती, एक हात सीटवर ठेवून.

"पेट्रोल संपलं का?" मी विचारलं.

"न्हाई मामा. टाकीवरचे स्टिकर काढायचेत. सगळी काळी करून द्या."

गाडी तिच्या भावाची, सुरजची. तो इथल्याच एका कंपनीत होता, खोली घेऊन राहायचा. मागच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि आठवड्याच्या आत गेला. तेव्हापासून गाडी खोलीमालकाच्या पडवीत उभी होती. आता सोनमला इकडंच पॅकिंगला काम लागलं होतं. दुसरी पाळी सुटली की हायवेच्या कडेनं ट्रकांच्या उजेडात चालत खोलीवर यायचं. गाडी तिला चालवता येत होती, सुरजनंच शिकवलेली.

"गाडी दिसली की गेटवर सगळे त्याचाच विषय काढत्यात," ती म्हणाली. "म्हणून साधी पायजे."

रतनबाई त्यासाठी खुटबावहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. "ह्या पट्ट्या बघूनच त्यानं ही गाडी घेतली व्हती," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या स्टुलावर बसून राहिल्या.

मी टाकी सोडवली, पेट्रोल काढलं, ती उन्हात उघडी ठेवून चांगली वाळवली आणि शेडमध्ये पोत्यावर आडवी केली. स्टिकर काढायला घाई चालत नाही. केस वाळवायच्या मशिननं गरम हवा मारायची, गोंद सैल झाला की नखानं कोपरा उचलायचा आणि हळूहळू ओढायचं. जोर केला तर पट्टी तुटते.

मी मशिन चालू केलं तशा रतनबाई उठून जवळ आल्या.

"लई तापवू नका भाऊ."

"रंगाला काही होत नाही, मावशी."

त्या पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या.

डावी पट्टी अखंड निघाली. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्यानं पुसला. मग टाकी उलटी फिरवली आणि उजव्या बाजूवर हात ठेवला. तिकडं अजून मशिन लागलंही नव्हतं, पण पट्टीखाली एका जागी पत्रा गरम होता. उष्णता पत्र्यातून पसरली असणार, असं मी धरून चाललो.

संध्याकाळी मायलेकी खोलीवर गेल्या. तोवर उजवी पट्टीही निघाली होती. मी दोन्ही बाजूंना ओलं फडकं फिरवलं. बाकी सगळीकडं पाणी तसंच राहिलं, आणि दोन लांबट जागा माझ्या डोळ्यांदेखत सुकल्या. एक डावीकडं, एक उजवीकडं. गाडीवर बसलं की माणसाचे गुडघे जिथं टेकतात, तिथं.

त्या आठवड्यात थंडी कडाक्याची होती. सकाळी आलो तेव्हा शेडमधल्या लोखंडाला हात लावला की बोटं बधिर होत होती. टाकीही तशीच गारठलेली, वरून दहिवरलेली. त्या दोन जागा मात्र कोरड्या. आणि ऊब अशी, की उन्हाची नाही, यंत्राचीही नाही. अंगाची.

मी बबनरावांना हाक मारली. कशाला ते सांगितलं नाही, नुसतं हात लावा म्हणालो.

त्यांनी हात लावला आणि दाराबाहेर बघितलं. "आत्ताच कुणी उतारलं व्हय?"

"टाकी गाडीवर नाहीये, बबनराव. रात्रभर इथंच पडलीय."

त्यांनी हात पँटला पुसला आणि ते आपल्या दुकानात गेले. पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही.

मी टाकी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून पाहिली. पाण्याच्या पिंपात बुडवून काढली. पॉलिश पेपर मारून जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला. पत्रा साधा होता, कुठं पोचा नाही, डाग नाही. प्रायमर मारला तर तो आधी त्या दोन जागीच वाळला.

दुपारी सोनम एकटीच आली, पाळीवर जाण्याआधी. मी तिला सांगावं की नाही या विचारात होतो. तिनं टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गेली न्हाई ना?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"एकदाच बसले मी गाडीवर, पडवीत. माझे गुडघे तिथं टेकले." तिनं मान खाली घातली. "त्याच्या जागेवर बसल्यावानी झालं. उतरलेच. मला वाटलं स्टिकरांमुळं असंल. त्याच्या आवडीचे व्हते ना ते."

"नको असेल तर दुसरी गाडी बघू आपण."

"दुसरी नको मामा." ती लगेच म्हणाली. "जरा भाईर थांबता?"

मी बाहेर थांबलो. ट्रक जात होते, तरी मधूनमधून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. लहानपणी बहिणी भावाशी हट्ट करतात तसा, लाडीगोडीचा सूर. वाक्याच्या शेवटचं "की" तेवढं ऐकू आलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण चेहरा निवळला होता.

दुसऱ्या दिवशी रंग मारायला टाकी उचलली. सगळीकडं सारखीच गार. हात फिरवत राहिलो. काही नाही.

काळा रंग बसला, वर चकाकीसाठी लॅकर मारलं, सुकायला वेळ दिला. टाकी गाडीवर चढवून गाडी आत, सावलीतच उभी केली.

न्यायला दोघी आल्या, सकाळच्या थंडीतच. रतनबाईंनी नव्या टाकीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढला. रडल्या नाहीत. मला भीती होती तसं काही झालं नाही.

सोनम गाडीवर बसली. किल्ली लावली. बसताना ती बरीच पुढं सरकली, टाकीला चिकटून.

रतनबाई खाली वाकल्या आणि मागचा एक फुटरेस्ट उघडला. वळसा घालून दुसऱ्या बाजूचाही उघडला.

"तुम्ही बसताय का मावशी मागं?"

"न्हाई. मी येष्टीनं जाती."

पुढं उतार होता. गाडी स्टँडवरून उतरवायला म्हणून मी मागच्या सीटवर हात टेकला.

सीट गरम होती.

"चल," रतनबाई म्हणाल्या. "सावकाश जावा दोघं."