छबूकाकूची बादली

“डोकं खाली घे ना! बघेल ती!” रुपालीनं कल्याणला जास्वंदीमागं ओढलं.

“अगं, मुंगी चावतेय!”

“चावू दे! हेरगिरी करायला आलायस की लग्नाला?”

हा कल्याण म्हणजे रुपालीचा आतेभाऊ. सुट्टीला श्रीरामपूरहून काष्टीला आलेला. तिसरा हेर शेजारचा तौफिक. तिघांचे डोळे अंगणातल्या गोल हौदावर लागले होते. घर बांधून उरलेल्या सिमेंटचा तो हौद रुपालीच्या आप्पांनी हौसेनं केलेला, आणि त्यातले शेंदरी मासे रुपालीनं अगदी नखाएवढे होते तेव्हापासून वाढवलेले. पण गेल्या महिन्यापासून भलतंच काहीतरी चाललं होतं! गावात नळाचा दिवस आला, की संध्याकाळी हौदात एखाद-दोन मासे मरून तरंगायचे. बाकीच्या दिवशी एकही नाही!

आज पुन्हा नळाचा दिवस होता. आप्पांनी सकाळीच बजावलं होतं, “आज एक जरी मासा मेला, तर उद्या मुरमाची ट्रॉली आणून हौद बुजवतो! उरलेले मासे देऊ कुणाला तरी. मला नाही बघवत ते मढं!” आणि आप्पा एकदा बोलले की बोलले. म्हणून तर ही हेरगिरी!

“आली!” तौफिक पुटपुटला.

फाटकातून कुंपणापलीकडची छबूकाकू आत शिरली. हातात बादली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, बादली हौदात बुडवली आणि लगालगा निघून गेली.

“बघितलंस? नळाच्या दिवशीच मासे मरतात, आणि नळाच्या दिवशीच ही येते!” रुपालीचे डोळे बारीक झाले. “हौदामुळं डास होतात म्हणून परवा केवढी भांडली होती!”

“बादलीत विष असणार! मी सांगतो, विषच!” तौफिक म्हणाला.

“पण ती तर पाणी घेऊन गेली, टाकलं कुठं काही?” कल्याणनं विचारलं.

“तू गप रे, मुंगीवाल्या! चला मागं!”

तिघं कुंपणाला चिकटून छबूकाकूच्या परसात पोचले. काकूनं अर्धी बादली कढीपत्त्याला घातली. उरलेलं पाणी दगडी डोणीत हळूच ओतलं. तिची पाठ वळताच रुपालीनं डोणीत डोकावलं आणि ओरडलीच, “माझे मासे!”

“कोन हाय त्ये?” काकू गर्रकन वळली. “व्हय गं, चोरावानी काय आलीस?”

“चोर तुम्ही! माझे मासे इथं कसे?”

“आगं बया! तुज्या आप्पानंच सांगितलंय, नळ यायच्या आदी शिळं पानी न्हेत जा म्हनून. झाडाला लई चांगलं असतंया. बादलीत बारकी पिल्लं आली, ती काय मातीत वतू? सोडली डोनीत.”

डोणीतली पिल्लं चांगली गुबगुबीत झाली होती. रुपाली बघतच राहिली. तिकडचे मरतात, आणि इथले धडधाकट?

“काकू, डोणीतलं पाणी कधी बदलता?”

“बदलायचं कशाला? आटलं की तुमच्यातलंच बादलीभर वतायचं.”

“नळाचं पाणी?”

“न्हाई बा. त्याला लई वास मारतोय हल्ली.”

तेवढ्यात आळीत आरोळी उठली, “नळ आलाऽऽ!”

रुपालीला एकदम उमगलं. “पळा! विष बादलीत नाही, नळीत आहे!”

अंगणात आप्पांनी हौदाचं बूच काढलं होतं. पाणी पार खाली गेलं होतं आणि मासे तळाशी दाटीनं वळवळत होते. आप्पांच्या हातात नळाची लांब नळी. हवेत, पाण्यातले जंतू मारायला टाकतात त्या टीसीएल पावडरचा उग्र दर्प!

“आप्पा, थांबा! त्या पाण्यानंच मरतात ते!”

“येडी का काय! नळ आला की शिळं पाणी सोडून द्यायचं, ताजं भरायचं. आपल्या घरात कुणी शिळं पितं का? मग त्यांनी का राहावं शिळ्यात?”

आप्पांनी नळी हौदात सोडली. रुपाली रडकुंडीला आली. आता?

आणि अचानक धार थांबली!

“अरेच्चा! गेलं की काय पाणी?” आप्पा नळीच्या तोंडात बघायला लागले. जास्वंदीमागं कल्याण नळी दुमडून तिच्यावर चक्क मांडी ठोकून बसला होता. मुंग्या खुशाल चावत होत्या, पण पठ्ठ्या हलला नाही!

तोवर तौफिकनं अम्मीला गाठलं. त्याची अम्मी म्हणजे शमशाद चाची, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई. नळाचं पाणी तपासायची बाटली त्यांच्या पिशवीत असायचीच.

“काका, दोनच मिनिटं!” तौफिक धापा टाकत म्हणाला. त्यानं एका काचनळीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत डोणीतून आणलेलं. चाचींनी दोन्हींत औषधाचे थेंब सोडले. डोणीतलं पाणी होतं तसंच राहिलं. नळाचं मात्र पिवळंजर्द!

“ते पिवळं म्हणजे पावडर,” चाची म्हणाल्या. “हगवणीची साथ आली, तेव्हापासून जास्त टाकतात. माणसांना ती हवीच, भाऊ. पण माशांचे कल्ले पार भाजून निघतात. हेच पाणी एक-दोन दिवस पिंपात उघडं, उन्हात ठेवलं की पावडर उडून जाते.”

आप्पांनी लगेच बूच लावलं. छबूकाकूनं डोणीतल्या पाण्याच्या बादल्या आणून हौदात ओतल्या. रुपाली मान खाली घालून म्हणाली, “काकू, चुकलं माझं.”

“आसूं दे गं. पन डोळं उघडं ठिवलंस, ह्ये ब्येस झालं,” काकू म्हणाली.

संध्याकाळी सगळे हौदाशी जमले. एकही मासा वर आला नव्हता. आप्पांनी कल्याणच्या मुंग्यांनी सुजलेल्या पायाला स्वतः तेल लावलं, तौफिकची पाठ थोपटली, “शाबास रे वाघांनो! माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत, बरं केलंत!” मग ते रुपालीजवळ बसले.

“म्हणजे इतके दिवस मीच मारत होतो गं त्यांना,” ते म्हणाले. “लाड करून करून.”

रुपालीला एकदम रडू फुटलं. महिनाभर ती साऱ्या आळीवर संशय घेत होती, आणि आता रागवायला कुणी उरलंच नव्हतं. तिनं आप्पांचा हात घट्ट धरला.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, आप्पा,” ती म्हणाली. “चला, पिंपं उन्हात ठेवायला जागा करू.”