दोरीचं दुसरं टोक

दादाच्या गालावर बाबांचा हात इतक्या जोरात बसला, की त्याच्या हातातलं पाण्याचं भांडं सुटलं, फरशीवरून घरंगळत गेलं आणि भिंतीला आपटून कितीतरी वेळ तिथंच थरथरत राहिलं... तो आवाज थांबेपर्यंत घरात कुणी श्वाससुद्धा घेतला नाही.

"पुन्हा बोल!" बाबा ओरडले. "काय म्हणालास ते पुन्हा बोल, म्हणजे माझी खात्री पटेल की हे माझ्या पोटचं पोर बोलतंय!"

त्यानं गालाला हात लावला नाही. समोर, जेवणाच्या टेबलाची कड घट्ट धरून त्याची धाकटी बहीण उभी होती. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून लहानपणापासून सारं घर तिला भिंगरी म्हणायचं. तिला ती थप्पड दिसली नव्हती, नुसती ऐकू आली होती. तिचे ओठ किंचित उघडे होते, आणि दादा आत्ता हसेल, आत्ता म्हणेल, 'काय वेडे, खरं वाटलं?' अशी कसलीशी केविलवाणी वाट तिचा सारा चेहरा पाहत होता...

"म्हणालो ना," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "मला वीट आलाय. टाळ्या हिच्यासाठी, हारतुरे हिच्यासाठी. मी कोण? दोरीला बांधलेला माणूस! उमेदीची सगळी वर्षं हिच्यापायी मातीत घातली. आता मला माझा संसार बघू दे. हिनं दुसरा कुणीतरी शोधावा."

"दादा, मी ओझं होते तुला?" भिंगरीनं विचारलं. अगदी हळू.

दाराआड उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडात कोंबला. त्या एका क्षणात त्याचं काळीज आतून टरकन फाटलं असेल. पण चेहऱ्यावर त्यानं त्याचा मागमूस उमटू दिला नाही.

"होतीस," तो म्हणाला.

"चालता हो!" बाबा म्हणाले. "बायकोला घेऊन आजच्या आज चालता हो! आणि या उंबऱ्यावर पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

भिंगरी आठ वर्षांची असताना तापानं फणफणली होती. त्या तापातून ती उठली खरी, पण डोळ्यांतला उजेड तिथंच ठेवून. त्यानंतर ती भिंगरी भिंतीला हात लावत खोल्याखोल्यांतून सरकायला लागली. दादा त्या वेळी धावण्याच्या शर्यतींत मैदान गाजवत होता. कपाटावर त्याचे चषक मावत नव्हते. एके दिवशी तो सरावावरून आला, तर ती पायरीवर बसलेली. त्याच्या बुटांचा वास ओळखून म्हणाली, "दादा, पळताना कसं वाटतं रे? मी विसरले." दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या बुटाची नाडी सोडली, एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं तिच्या, आणि तिला मैदानावर नेलं. पहिल्या दिवशी ती चालली, मग धावली... आणि धावता धावता इतक्या मोठ्यानं हसली, की मैदानावरची माणसं वळून पाहू लागली. देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं त्याला त्याच वर्षी आलं. तो गेला नाही. गुडघा दुखतोय, असं सगळ्यांना सांगितलं. गुडघ्याला काहीसुद्धा झालं नव्हतं!

मग नाडीच्या जागी स्पर्धेची खरीखुरी आखूड दोरी आली. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून भिंगरी धावायची आणि तिच्या बाजूला, पावलाला पाऊल जुळवून, दादा. अंध धावपटूंच्या शर्यतीत सोबत्यानं अंतिम रेषा तिच्या आधी ओलांडायची नसते, तिला ओढायचंही नसतं. शेवटच्या क्षणी अर्धं पाऊल मागं राहायचं, हीच त्याची कामगिरी. ते मागं राहणं त्याच्या अंगी इतकं मुरलं होतं, की रस्त्यानं चालतानासुद्धा तो तिच्या अर्धं पाऊल मागंच असायचा.

पण शरीर कुणाची भीड धरत नाही. तिशी उलटली. दिवसभर काचेच्या दुकानात उभं राहून तो काच कापायचा, कडा घासायचा, आणि संध्याकाळी धावायचा. एकदा सरावानंतर सरांनी त्याला साहित्याच्या खोलीत बोलावलं. हे त्यांचे प्रशिक्षक. बोलायला तुटक, पण मनानं लोण्यासारखे.

"शर्यत संपल्यावर ती लगेच गप्पा मारायला लागते, बघितलंस?" सर म्हणाले. "दम लागत नाही तिला. आणि तू वाकून गुडघे धरतोस. अरे, तुझा वेग संपतो तिथं तिचा सुरूसुद्धा होत नाही! तिच्यात जागतिक पदक आहे. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला तू आहेस तोवर..."

सरांनी वाक्य सोडून दिलं. उरलेलं त्याला ठाऊक होतं.

त्यानं भिंगरीला सांगून पाहिलं होतं, समजावून, रागावून. तिचं एकच पालुपद होतं, "दादा नाही तर धावणं नाही." पूर्वी एकदा तो आजारी असताना ती दुसऱ्या सोबत्याबरोबर धावली होती, वळणावर दोघांचे पाय अडकले, ती तोंडावर आपटली आणि रक्ताळलेल्या ओठांनी म्हणाली होती, "आता कुणाचा हात धरणार नाही." ती धावणं सोडेल, पण त्याला सोडणार नाही, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं. मग एकच वाट उरली. तिनंच त्याचा तिरस्कार करायला हवा! इतका, की त्याचं नाव काढलं तरी ती उसळून उठेल आणि जिद्दीनं दुसऱ्याचा हात धरेल...

आणि तसंच झालं. घर सुटल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच भिंगरी सरांना म्हणाली, "मला दुसरा सोबती द्या. दाखवते त्याला!" सरांनी तिला दूरच्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात धाडलं. तिकडं जो नवा सोबती मिळाला तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे.

हा लंबू केंद्रात जाण्याआधी काही आठवडे रोज सकाळी दादाच्या शहराबाहेरच्या रिकाम्या मैदानावर दादाकडून धडे घेत होता, हे फक्त सरांना माहीत होतं.

"सुरुवातीला तिचा तळवा धरू नकोस, मुठीला मूठ लावून उभा राहा. तिला धीर येतो," दादा सांगायचा. "वळणावर ती घाबरली की डावीकडे झुकते. तेव्हा ओरडू नकोस, हळू बोल. आणि हे बघ, हरली तर लगेच समजूत घालायला जाऊ नकोस. तिला थोडं रडू दे. मग काहीतरी वेडंवाकडं बोलून हसव."

"तुम्ही तिला खरं का सांगत नाही?" लंबूनं एकदा विचारलं.

"खरं सांगितलं तर ती परत येईल," दादा म्हणाला. "तुला तुझ्या आईची शपथ आहे. एक अक्षर बोलायचं नाही."

भाड्याच्या एका खोलीत त्याचा संसार नव्यानं सुरू झाला. बायकोलाही त्यानं काही सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी चहाचा कप पुढं करत ती म्हणाली, "जागेपणी नाटक झकास करता तुम्ही. पण झोपेत रात्रभर पाय पळतात तुमचे, लाथा मला बसतात." त्यानं चमकून वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं त्यानंतर तो विषय कधी काढला नाही.

आणि मग आईचं दुखणं उपटलं. पोटातली गाठ म्हणता म्हणता पसरली. बाबांनी कळवलं नाही; शेजारच्यांकडून समजलं, तेव्हा तो धावत इस्पितळात गेला. दुपारची वेळ होती. आई पांढऱ्या चादरीखाली मुठीएवढी झाली होती. एका बाजूला बाबा. दुसऱ्या बाजूला, केंद्रातून सुट्टी घेऊन आलेली भिंगरी, आईचा हात हातात घेऊन. त्याची पावलं ओळखून तिचे खांदे ताठ झाले.

"आलास?" आई म्हणाली. "ये... माझं एवढं ऐक. परत हिच्याबरोबर धावेन, म्हण. चुकलो, म्हण. तुम्हा दोघांना एकत्र बघितलं की मी डोळे मिटायला मोकळी."

भिंगरीनं मान किंचित त्याच्याकडे वळवली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठं गेला होता... तिथं पुन्हा तीच, पायरीवर बसलेली पोर होती! तो 'हो' म्हणाला असता, तर ती त्याच पावली सगळं सोडून घरी आली असती. मोठ्या स्पर्धेची निवड तोंडावर होती. आईच्या कानात खरं सांगावं म्हटलं, तर भिंगरीचे कान भिंतीपलीकडची कुजबुज टिपणारे... देवा, एवढी परीक्षा कुणाची घेऊ नये!

"नाही आई," तो म्हणाला. "ते आता जमायचं नाही."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"जा," बाबा म्हणाले. "उपकार कर आणि जा."

त्याच संध्याकाळी आई गेली. अंत्ययात्रेत तो सगळ्यांच्या मागं चालत होता. खांदा द्यायला पुढं झाला, तेव्हा बाबांनी नुसतं पाहिलं, आणि तो मागं सरला...

पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत लागली, तेव्हा मालकानं दुकानातल्या टीव्हीचा आवाज मोठा केला. दादा काचेच्या टेबलाशी उभा होता. बंदूक वाजली. भिंगरी सुटली... वाऱ्याला मागं टाकत सुटली! वळणावर ती डावीकडे झुकली, तसा लंबू काहीतरी हळूच बोलला, ती सावरली, आणि मग समोर सरळ रस्ता... असा वेग त्यानं तिच्या पायांत कधी पाहिला नव्हता. लंबू अर्धं पाऊल मागं राहिला. भिंगरीनं छाती पुढं काढून रेषा ओलांडली. सुवर्ण! दुकानात आरडाओरडा झाला. दादा मात्र टेबलाला धरून उभा राहिला.

कुणीतरी तिच्यापुढं माइक धरला. "हे पदक कुणासाठी?"

"माझ्या आईसाठी," ती धापा टाकत म्हणाली.

"आणि सुरुवातीला तुमच्याबरोबर धावणारे तुमचे भाऊ? त्यांना काय सांगाल?"

तिचा चेहरा दगडासारखा झाला. "मला भाऊ नाही."

मालकानं घाईघाईनं टीव्ही बंद केला. दादानं काच पुढं ओढली, काच कापायच्या कलमानं रेघ मारली. पण रेघ वाकडी गेली आणि काच भलतीकडेच तडकली. काम करणारी माणसं उगाच इकडं तिकडं पाहू लागली.

पण त्याच वाक्यानं तिकडं लंबूची शपथ मोडली.

चार-पाच दिवसांनी, दुकानात गर्दी नसताना, दाराशी काठीची टकटक ऐकू आली. त्यानं मान वर केली. भिंगरी एकटीच आत येत होती, आणि तिच्या पुढ्यात भिंतीला टेकवलेल्या काचांची रांग...

"थांब!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "पुढं काच आहे!"

ती जागच्या जागी थांबली. काठी तिच्या हातातून गळून पडली.

"बोल ना अजून," ती म्हणाली. "किती दिवसांनी ऐकतेय तुझा आवाज."

तो पुढं झाला, तिचा दंड धरून तिला काचांपासून दूर आणलं. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर बुक्के मारायला सुरुवात केली. "कुणी सांगितलं होतं तुला? कुणी? मला विचारलंस का? मला आंधळी समजलास? दादा, तुझा दम उखडायचा तो मला ऐकू येत नव्हता? तुझ्या आधी, सरांच्या आधी मला कळलं होतं! मी पाऊल आखूड करत होते... मुद्दाम! तुला मागं पडल्यासारखं वाटू नये म्हणून. मला पदक नको होतं रे, मला तू हवा होतास!"

तो मटकन स्टुलावर बसला. म्हणजे तीही... दोघंही एकमेकांसाठीच मागं राहत होती, आणि दोघांनीही चकार शब्द काढला नाही!

"आणि आई..." भिंगरी म्हणाली. "त्या दिवशी मी तिथं नसते, तर तू तिला सांगितलं असतंस. माझ्यामुळं ती..."

"गप्प," तो म्हणाला, आणि तिचं डोकं खांद्याशी धरलं. "गप्प बस. त्यातलं काही तुझ्यामुळं नाही." मग बांध फुटला. काचेच्या त्या दुकानात बहीणभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखी रडली.

बाबांना तिनं आधीच सगळं सांगितलं होतं. दोघं घरी पोचली तेव्हा दार उघडंच होतं. बाबा खुर्चीत बसले होते. किती थकले होते! त्यानं उंबऱ्याबाहेरच चप्पल काढली आणि तिथंच उभा राहिला.

"आईला कळलं असेल बाबा," भिंगरी रडत म्हणाली. "जिथं असेल तिथं तिला कळलं असेल."

"नाही," बाबा म्हणाले. "उगाच मनाची समजूत घालू नका. तिला नाही कळलं." ते खुर्चीचा हात धरून उठले, सावकाश दाराशी आले. "पण तू वॉर्डातून निघून गेलास ना, तेव्हा भिंगरी डॉक्टरांकडे गेली होती. मी एकटाच होतो तिच्यापाशी. भिंतीकडेच तोंड होतं तिचं. म्हणाली, 'किती वाळलाय हो तो... बाहेर जाऊन विचारा, काही खाल्लंय का त्यानं.' शेवटचं बोलणं ते तिचं. मी उठलोसुद्धा नाही रे! म्हटलं, उपाशी मरू दे मेल्याला. तू बाहेर बाकावर बसला होतास, मला दिसत होतास... आणि मी तिचा निरोप तुझ्यापर्यंत पोचवला नाही."

बाबांनी त्याचा हात धरला, उंबऱ्याच्या आत घेतलं, आणि विचारलं,

"काही खाल्लंयस का रे?"